‘ब्रिजिड हे नाव संस्कृतातून आयर्लंडला गेलं’: या दाव्याचा मुद्देसूद प्रतिवाद

१ फेब्रुवारी हा आयर्लंडमध्ये संत ब्रिजिडचा दिवस. या नावाबद्दल मराठीत एक मजकूर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, पण आशय असा: “आयर्लंडची देवी ब्रिजिड म्हणजे आपली वेदातली बृहती. आयर्लंड म्हणजे आर्यलंड. पाच हजार वर्षांपूर्वी हे नाव भारतातून तिकडे गेलं. नावाचा अर्थ अग्निबाण. तिथल्या घराघरांत तेव्हापासून मुलींना हेच नाव देतात. पुढे चर्चने देवीची संत केली आणि इंग्रजांनी ब्रिगिडचं ब्रिजेट केलं. नवरीला ‘ब्राइड’ म्हणतात तेही याच नावावरून. आणि आयरिश शीला तर आपलीच शीला.”

यात एक अर्ध वाक्य खरं आहे, आणि ते इतकं मोलाचं आहे की बाकीच्या भेसळीपासून ते वेगळं काढायलाच हवं. म्हणून एकेक दावा घेऊ. पहिल्यावर जास्त वेळ द्यावा लागेल.

“ब्रिजिड म्हणजे बृहती, आणि हे नाव भारतातून गेलं”

बृहती हे ‘बृहत्’चं स्त्रीलिंगी रूप. उंच, थोर, विशाल असा अर्थ. बृहन्मुंबई, बृहन्महाराष्ट्र या नावांत तोच शब्द आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श, ब्रेटन या केल्टिक भाषांच्या सामाईक पूर्वजभाषेत याच अर्थाचा आणि याच घडणीचा स्त्रीलिंगी शब्द होता: ब्रिगन्ती. त्याचा दगडात कोरलेला पुरावाही आहे. उत्तर इंग्लंडमध्ये ब्रिगान्तेस नावाची जमात राहत होती आणि रोमन अमलात ‘ब्रिगान्तिया’ देवीला वाहिलेले लेख तिथे सापडले आहेत. स्कॉटलंडच्या दक्षिण भागात बिरेन्स इथल्या रोमन किल्ल्यात तिचं उठावशिल्प मिळालं. पाठीला पंख, हातात भाला, डोक्यावर तटबंदीच्या आकाराचा मुकुट, आणि अमान्दुस नावाच्या स्थापत्यकाराने ते ब्रिगान्तियेला वाहिल्याचा लॅटिन मजकूर. जुन्या आयरिशमधलं ‘ब्रिगित’ हे नाव याच ब्रिगन्तीपासून आलं.

म्हणजे ब्रिगित आणि बृहती यांचं नातं पक्कं. प्रश्न नात्याच्या प्रकाराचा आहे. मराठी ‘हात’ हिंदीतून आलेला नाही आणि हिंदी ‘हाथ’ मराठीतून गेलेला नाही. दोन्ही ‘हस्त’पासून आपापल्या वाटेने आले. ब्रिगित आणि बृहती यांचंही तसंच, फक्त त्यांचा ‘हस्त’ कितीतरी जुना, संस्कृतच्याही आधीच्या आद्य इंडो-युरोपीय भाषेतला.

हे सिद्ध कसं होतं? एका शब्दावरून काहीच ठरत नाही. प्रत्येक ध्वनी सुटा करायचा आणि तोच बदल दुसऱ्या, या नावाशी संबंध नसलेल्या शब्दांतही होतो का ते पाहायचं. बृहतीतला ‘ह’ घ्या. जिथे संस्कृतात असा ‘ह’ येतो तिथे केल्टिकमध्ये ‘ग’ यायला हवा. संस्कृत हिम, हेमन्त. त्याच हिमावरून आपला हिवाळा. आयरिशमध्ये हिवाळ्याला म्हणतात ‘गिव्रा’. ह आणि ग जागेवर. आता ‘ऋ’. संस्कृत ‘दृश्’ म्हणजे पाहणं; वेल्शमध्ये ‘द्रीख’ म्हणजे आरसा. ऋ तिथे ‘रि’, जसा बृ तिथे ‘ब्रि’. सुरुवातीचा ‘ब’ मात्र जरा फसवा आहे. संस्कृतात तो मुळात ‘भ’ होता. एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण (भ, ध, घ यांसारखे हवा सोडून उच्चारलेले ध्वनी) आले की संस्कृत पहिल्यातली हवा काढून घेते. ‘धा’ धातूचं रूप ‘धधाति’ न होता ‘दधाति’ होतं ते याच नियमाने. आणि संस्कृत भ तिकडे ब होतो: भ्राता हा जुन्या आयरिशमध्ये ‘ब्राथिर’.

इथपर्यंतचा पुरावा नातं सांगतो. उसनवारी नाकारणारा पुरावा पुढे आहे, आणि तो ‘न’मध्ये आहे.

ब्रिगन्तीत ‘न’ आहे, बृहतीत नाही. का? शंभर या संख्येकडे पाहा. लॅटिन केन्तुम्, वेल्श कान्त, पण संस्कृत शतम्. मूळ भाषेत इथे स्वरासारखं चालणारं अनुनासिक होतं (शंभरच्या शब्दात ‘म’, ब्रिगन्तीत ‘न’), जसा संस्कृतात ऋ हा स्वरासारखा चालणारा ‘र’ आहे. केल्टिकने त्याचं ‘अन्’ केलं, संस्कृतने नुसता ‘अ’ ठेवला. शतम् मधला पहिला अ आणि बृहती मधला ‘ह’ला लागलेला अ, दोन्ही त्या विरून गेलेल्या अनुनासिकाचे अवशेष. आयरिशने पुढे ‘न्त’चा ‘द’ केला, म्हणून शंभरला जुन्या आयरिशमध्ये ‘केद’ म्हणतात आणि नावाच्या शेवटीही ‘द’ ऐकू येतो, लिहिताना जरी त लिहीत. म्हणजे हा आयरिश द नुसत्या त-पासून तयार होऊ शकत नाही. नाव संस्कृत बृहतीवरून उचललं असतं तर हा न आला कुठून? पुल्लिंगी ‘बृहन्तम्’मध्ये न दिसतो हे खरं, पण स्त्रीलिंगी बृहतीत तो कुठल्याही विभक्तीत येत नाही. ‘ह’चंही तेच. संस्कृतात जो ह होऊन बसला त्यापासून आयरिशला पुन्हा ग बनवता आला नसता; या बाबतीत आयरिश ग-च मूळ ध्वनीच्या जास्त जवळ आहे.

शिवाय ही फक्त दोन बहिणींची गोष्ट नाही. इराणी शाखेतल्या अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘हरा बेरेज़इती’, म्हणजे उंच हरा, असा पौराणिक पर्वत आहे; त्यावरूनच इराणच्या पर्वतरांगेला आल्बोर्झ म्हणतात. बेरेज़इती हे बृहतीचंच अवेस्ती रूप. जर्मन भाषेत याच धातूपासून ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर. आइसबर्गमधला बर्ग तो हाच. आयरिशमध्ये ‘ब्री’ म्हणजे टेकडी. हे सगळे शब्द भारतातून बाहेर पडले असं म्हणायचं तर प्रत्येकासाठी वेगळी वाट, वेगळा काळ आणि वेगळे ध्वनिबदल रचावे लागतात. सामाईक पूर्वज मानला की तेच मोजके नियम सगळीकडे लागू पडतात. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एका भाषेत असावा असं मांडलं, तेव्हा केल्टिकचाही समावेश त्या कुटुंबात करायला कारण आहे असं ते म्हणाले होते. पुढच्या शंभर वर्षांत ध्वनिनियम बसत गेले तसा तो अंदाज पक्का झाला.

“पाच हजार वर्षांपूर्वी”

या आकड्याला आधार नाही. आयर्लंडमधलं सर्वांत जुनं लेखन म्हणजे दगडाच्या कडेवर रेघा पाडून केलेले ओगम लेख, आणि ते साधारण चौथ्या शतकापासूनचे. ब्रिगान्तियेचे लेख रोमन काळातले. त्याच्या मागचं सगळं ध्वनिनियमांनी केलेलं पुनर्रचन आहे. ते भरवशाचं आहे, पण त्यावर अमुक साली नाव अमुक वाटेने गेलं असा शिक्का मारता येत नाही.

“आयर्लंड म्हणजे आर्यलंड”

नाही. आयर्लंडचं आयरिश नाव एरे. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने ते ‘इउएर्निया’ असं लिहून ठेवलं आहे. त्यामागचं केल्टिक रूप ‘ईवेरियू’, आणि त्याच्याही आधी सुरुवातीला ‘प’ होता. केल्टिक भाषांनी मूळचा प टाकून दिला. संस्कृत पितृ, लॅटिन पातेर, पण जुन्या आयरिशमध्ये ‘अथिर’. तो प परत लावला की जवळचा संस्कृत शब्द सापडतो ‘पीवरी’, म्हणजे पुष्ट, भरलेली. सुपीक भूमी असा देशाच्या नावाचा अर्थ. आर्य शब्दाचा इथे संबंध नाही, आणि पीवरी हे नातं मला तरी कितीतरी सुंदर वाटतं, कारण ते खरं आहे.

“नावाचा अर्थ अग्निबाण”

हा दावा एकट्या मराठी मजकुराचा नाही. जगभरच्या बाळांच्या नावांच्या याद्यांत तो सापडतो, आणि त्याला जुना लेखी आधारही आहे. इ.स. ९००च्या सुमाराचा एक आयरिश शब्दकोश आहे, ‘सनस कॉर्मिक’. मन्स्टर प्रांताचा राजा आणि बिशप असलेल्या कॉर्मक मॅक कुलेनॉनचा तो मानला जातो. हा कॉर्मक ९०८ साली लढाईत मारला गेला. कोशात ब्रिगित या नोंदीखाली लिहिलं आहे की ती दाग्दा या आयरिश देवाची मुलगी, कवी जिची उपासना करत ती देवी. तिच्या दोन बहिणींचं नावही ब्रिगितच, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची. आणि मग नावाची फोड: ‘ब्रेओ’ म्हणजे ज्वाळा, ‘सैगित’ म्हणजे बाण.

देवीची माहिती अमूल्य आहे. फोड मात्र टिकत नाही. ‘सैगित’ हा शब्द आयरिश नाहीच, तो लॅटिन ‘सागित्ता’वरून उसना घेतलेला. लॅटिनशी आयरिशचा दाट संबंध आला तो ख्रिस्ती धर्माबरोबर. मग ज्या नावाची भावंडं रोमन काळातल्या शिलालेखांत आणि अवेस्तात आहेत, ते नाव लॅटिनहून उसन्या शब्दाने कसं घडेल? शिवाय त्या फोडीत सुरुवातीचा ‘ब्रेओ’ ब्रिगित होताना कुठल्या नियमाने आखडला ते सांगता येत नाही.

कॉर्मकला यात दोष देऊ नये. सेव्हिलच्या इसिडोरपासून युरोपात ही पद्धतच होती: शब्दाचे तुकडे पाडून त्यात वस्तूचा गुण शोधायचा. आपल्याकडे यास्काच्या निरुक्तातही कित्येक निर्वचनं अशीच अर्थाला धरून केलेली आहेत. ती त्या काळाचा विचार सांगतात. शब्दाचा इतिहास म्हणून ती घेतली की गल्लत होते.

इथे भारताशी एक खराखुरा धागा आहे, तो मात्र फिरणाऱ्या मजकुरात कधी नसतो. या कोशाचं जॉन ओडोनोव्हन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर व्हिटली स्टोक्स यांनी संपादित केलं आणि ते १८६८ साली छापलं गेलं कलकत्त्यात. डब्लिनचे स्टोक्स १८६२ मध्ये भारतात आले, मद्रास आणि कलकत्त्यात कायद्याच्या कामात राहिले आणि १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा-सदस्य होते. फावल्या वेळात ते जुन्या आयरिश हस्तलिखितांचं काम करत.

“चर्चने देवीची संत केली”

हे वाक्य ठामपणे म्हणण्याइतका पुरावा कुणाकडेच नाही, आणि कालक्रम उलटा आहे. संत ब्रिजिडचं पहिलं उपलब्ध चरित्र कोगितोसुस नावाच्या भिक्षूने सातव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिनमध्ये लिहिलं. आयर्लंडमधल्या देवीचा पहिला स्पष्ट उल्लेख कॉर्मकच्या कोशात, म्हणजे त्याच्या दोनशेहून अधिक वर्षांनी. संताचा मृत्यू परंपरेने ५२५च्या आसपास धरतात. तिच्या हयातीतला एकही कागद नाही, पण तिच्या नावाशी जोडलेला आयर्लंडमधल्या किल्डेअरचा मठ, तिथल्या मठाधिकारिणींची परंपरा आणि त्याचं राजकीय वजन हे इतिहासात नोंदलेलं आहे. देवीच्या काही गोष्टी संताला चिकटल्या असतील. तसं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. मात्र देवीचं नाव असलेली एखादी खरी बाई असणं यात अशक्य काय आहे? आपल्याकडे पार्वती आणि सरस्वती नावाच्या बायका गल्लोगल्ली असतात.

अग्नीचंही असंच. किल्डेअरचा न विझणारा अग्नी म्हणजे अग्निहोत्र, असं मजकुराच्या काही आवृत्त्यांत असतं. त्या अग्नीचं तपशीलवार वर्णन आहे ते बाराव्या शतकाच्या अखेरच्या, वेल्सच्या गेराल्डच्या लेखनात. एकोणीस जोगिणी आळीपाळीने रात्रभर अग्नी राखतात, विसाव्या रात्री लाकडं ठेवून ‘ब्रिजिड, तुझा अग्नी तू सांभाळ’ असं म्हणून निघून जातात. भोवती कुंपण, आत पुरुषाला मज्जाव. १९९३ साली ब्रिजिडाइन संघाच्या जोगिणींनी किल्डेअरमध्ये तो अग्नी पुन्हा पेटवला. बाराव्या शतकातल्या वर्णनावरून वैदिक कर्मकांडापर्यंत उडी मारायला मधे काहीच पायरी नाही.

“प्राचीन काळापासून घराघरांत हेच नाव”

इथे सत्य जवळजवळ उलट आहे, आणि नावाच्या वापराचा सगळ्यांत रोचक भाग हाच.

सुरुवातीच्या शतकांत हे नाव बायकांना असे. जुन्या संतसूचींत किल्डेअरच्या ब्रिजिडखेरीज याच नावाच्या आणखी कितीतरी आहेत. पण किल्डेअरच्या संताचं माहात्म्य वाढत गेलं तसं तिचं नाव थेट मुलीला देणं लोकांनी टाळलं. फार पवित्र नाव, रोजच्या हाकेत कसं आणायचं, ही भावना. आयर्लंडचा संत पॅट्रिक याच्या नावाचंही तेच झालं. त्याऐवजी नाव दिलं जाई पुरुषांना, आणि तेही दास्यभावाने: ‘मैल ब्रिग्ता’, म्हणजे ब्रिगितसाठी मुंडन केलेला, आणि ‘गिला ब्रिग्ता’, म्हणजे ब्रिगितचा सेवक. अर्माचा एक मठाधिपती मैल ब्रिग्ता ९२७ साली वारला. जर्मनीतल्या माइन्झ इथे जगाचा इतिहास लिहिणारा आयरिश भिक्षू लॅटिनमध्ये मारियानुस स्कोतुस म्हणून ओळखला जातो. त्याचं घरचं नाव मैल ब्रिग्ता. गिला ब्रिग्ताच्या वंशजांचं आडनाव ‘मॅक गिला व्रीदा’ झालं आणि त्याचं इंग्रजी रूप मॅकब्राइड. १९७४ चं शांततेचं नोबेल मिळालेल्यांपैकी एक, शॉन मॅकब्राइड, त्याच आडनावाचे.

मुलींचं नाव म्हणून ते पुन्हा पसरलं ते साधारण सतराव्या शतकापासून, आणि एकोणिसाव्यात त्याचा पूर आला. त्यामागे आयरिश घरांतली नावं ठेवण्याची रीतही होती: पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला वडिलांच्या आईचं. एका आजीचं नाव ब्रिजेट असलं की तिच्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या घरात एकेक ब्रिजेट, म्हणजे एका पिढीत एकाच गावात सहा-सात चुलत-आते-मामे बहिणी एकाच नावाच्या. मग हाका मारायला वेगवेगळी रूपं लागतात. बिडी, ब्रायडी, ब्रीदीन, ब्रीदा, डिलिया, बेडिलिया ही सगळी त्यातूनच आलेली, एकाच नावाची रूपं.

ज्यांना जुन्या नोंदींत एखादी आयरिश ब्रिजेट शोधायची आहे, उदाहरणार्थ परदेशात आयरिश घराण्याशी सोयरीक झालेली मराठी कुटुंबं, त्यांची फसगत इथेच होते. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या बहुधा लॅटिनमध्ये, तिथे नाव ‘ब्रिजिदा’. आणि वाक्यात ते कर्म म्हणून येत असल्याने बऱ्याचदा ‘ब्रिजिदाम’ असं दिसतं. ते वेगळं नाव नाही, ती विभक्ती आहे. १८६४ पासून सरकारी जन्मनोंदणी सर्वांना लागू झाली, तिथे ‘ब्रिजेट’. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत घरच्या माणसाने जे सांगितलं ते, म्हणजे कधी ब्रिजेट, कधी बिडी, कधी ब्रायडी. बोस्टनला गेली तर तिथल्या कागदावर डिलिया. म्हणून शोध घेताना नाव एकच धरू नये. आडनाव, गाव आणि आईवडिलांची नावं स्थिर ठेवून नावाची ही सगळी रूपं फिरवावीत. दोन्ही जनगणना आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने, आणि १८८०च्या आसपासपर्यंतच्या कॅथलिक वह्यांच्या प्रतिमा राष्ट्रीय ग्रंथालयाने, इंटरनेटवर मोफत ठेवल्या आहेत.

अमेरिकेतल्या डिलियांमागे एक बोचरं कारण आहे. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळानंतर हजारो आयरिश तरुणी अमेरिकेतल्या शहरांत घरकामाला लागल्या. त्यांच्यात ब्रिजेट इतक्या होत्या की ‘बिडी’ किंवा ‘ब्रिजेट’ म्हणजे आयरिश मोलकरीण असाच अर्थ रूढ झाला. व्यंगचित्रांत ती आडदांड, भांडी फोडणारी, मालकिणीवर ओरडणारी दाखवली जाई. कष्टाने पैसे साठवून भावंडांची तिकिटं काढणाऱ्या या बायकांचा हा अपमान होता. अनेकींनी स्वतःचं नाव बदललं, त्याहून जास्त जणींनी आपल्या मुलींना ते दिलं नाही. आयर्लंडमध्येही विसाव्या शतकात ते ‘आजीचं नाव’ ठरत गेलं. आज तिथे नव्या बाळांत ब्रीद किंवा ब्रिजिड क्वचितच भेटते; इफा, नीव, सीर्शा ही नावं पुढे आहेत. २०२३ पासून संत ब्रिजिडच्या दिवसाची राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली, बाईच्या नावाची तिथली पहिली. सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते, पण १ तारीख शुक्रवारी आली तर त्याच दिवशी.

“मूळ ब्रिगिड, ब्रिजेट हा इंग्रजांचा अपभ्रंश”

आयरिश लोक आज ‘ग’ उच्चारतच नाहीत. जुन्या आयरिशमध्येही दोन स्वरांमधला तो ग कडक नव्हता, तो घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडणारा, होता. पुढे तो य-सारखा झाला आणि मग पूर्ण विरला. मागे राहिला दीर्घ ई. लिहिताना ‘ग’ आणि त्याला लागलेला ‘ह’ तसेच राहिले होते, ते विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या लेखनसुधारणेत गेले. आता नाव लिहितात ‘ब्रीद’, ‘आय’ या अक्षरावर तिरकी रेघ देऊन. ती रेघ म्हणजे दीर्घ स्वराची खूण. ती गाळणं म्हणजे आपल्याकडे दुसरी वेलांटी गाळण्यासारखं आहे. शेवटचा द मृदू, दक्षिणेत द-च्या जवळ, उत्तरेत ज-च्या जवळ. म्हणून देवनागरीत ‘ब्रीद’ किंवा ‘ब्रीज’ दोन्ही चालतील, ‘ब्रिड’ नाही. हाक मारताना सुरुवातीचा ब बदलतो: ‘अ व्रीद’. षष्ठीत ‘ब्रीदा’: ‘लॉ एला ब्रीदा’, ब्रीदच्या सणाचा दिवस. आणि ‘किल व्रीदा’, ब्रीदचं चर्च, यावरून किलब्राइड नावाची गावं आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये ठिकठिकाणी.

‘ज’ आला तो लॅटिनच्या वाटेने. चर्चच्या लॅटिनमध्ये ब्रिगिदा, आणि इ-च्या आधीचा ग इटालियन-फ्रेंचमध्ये ज किंवा झ होतो. इटलीत ब्रीजिदा, फ्रान्समध्ये ब्रिझित, पोर्तुगालमध्ये ब्रीझिदा, तशीच इंग्लंडमध्ये ब्रिजेट. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती घरांत ब्रिजिट नाव भेटतं ते याच लॅटिन-युरोपीय वाटेने आलेलं. स्कँडिनेव्हियात तेच नाव बिर्गित्ता झालं. स्वीडनची संत बिर्गित्ता (१३०३ ते १३७३) हिच्यामुळे ते तिथे पसरलं आणि त्यातून ब्रिता, बेरित, फिनलंडमधली पिर्को अशी रूपं निघाली. वेल्शमध्ये सुरुवातीचा ब बदलून ‘फ्राइद’ झालं. लानसानफ्राइद नावाची गावं तिच्या नावची.

“नवरीला ब्राइड म्हणतात ते यावरूनच”

ब्राइड हा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डच कुटुंबातला, शब्द. जर्मनमध्ये ‘ब्राउट’, डच ‘ब्राउड’. त्यात कधीच ग नव्हता. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचं सेंट ब्राइड्स हे चर्च मात्र ब्रिजिडच्याच नावाचं आहे. दोन शब्द इंग्रजीत योगायोगाने एकसारखे झाले. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांनाही काही जण ‘ब्राइडची बेटं’ म्हणतात. रोमन लेखक प्लिनीच्या लॅटिनमध्ये ते नाव ‘हेबुदेस’ आहे. नक्कल करताना ‘उ’चं अक्षर ‘रि’ असं वाचलं गेलं आणि हेब्रिदेस झालं.

“आयरिश शीला म्हणजे आपलीच शीला”

उच्चार जवळपास सारखा, नातं शून्य. आयरिश ‘शीला’ हे सिसिलियाचं रूप. सिसिलिया हे काएकिलिउस या रोमन घराण्याच्या नावावरून, आणि ते लॅटिन ‘काएकुस’, आंधळा, या शब्दाशी जोडलं जातं. ११६९ नंतर नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये उतरले, त्यांच्याबरोबर सेसिल, सिसिली ही रूपं आली आणि आयरिश तोंडी ती शीला झाली. आपली शीला ‘शील’वरून. नावं ऐकून नातं ठरवलं तर शीला खरी वाटते आणि ब्रीद-बृहती खोटी. ध्वनी तपासले की निकाल बरोबर उलटा लागतो.